संगणक विभागाचा वर्धापन दिन: तयारी कशी करावी, काय शोधावं, काय लिहून ठेवावं

शाळेची संगणक प्रयोगशाळा, महाविद्यालयाचा विभाग, पतसंस्थेचं संगणकीकरण किंवा वाचनालयाची संगणकावरची ग्रंथयादी, यांपैकी कशाला तरी लवकरच पंचवीस, तीस किंवा चाळीस वर्षं होत असतील, तर हे टिपण तुमच्यासाठी आहे. मी कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. आमच्या विभागाला तीस वर्षं झाली तेव्हा कार्यक्रमाची जबाबदारी माझ्याकडे होती. पुढे आसपासच्या काही शाळा आणि एक पतसंस्था यांनाही मी अशा कार्यक्रमात मदत केली. त्यातून जी रीत तयार झाली ती इथे मांडते.

आपल्याकडे वर्धापन दिनाचा साचा ठरलेला आहे. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांचं कृत्रिम बुद्धिमत्तेवर भाषण, शाल-श्रीफळ, आभारप्रदर्शन, चहा. हे सगळं जरूर करा, लोकांना एकत्र यायला आवडतं. पण एवढ्यावर थांबलात तर काल आपल्याकडे काय घडलं ते कळणार नाही आणि उद्याबद्दल जे बोललं गेलं ते पुढे कुणाला तपासता येणार नाही. माझा आग्रह या दोन गोष्टींसाठी आहे. आपल्या जागेचा पुरावा मांडायचा, आणि उद्याविषयीचं म्हणणं तारीख घालून लिहायचं. त्यासाठी साधारण तीन महिने हाताशी ठेवा.

तारीख कुठली धरायची

पहिला वाद इथेच होतो. यंत्र आलं ती तारीख, फीत कापली ती तारीख आणि यंत्र कामाला लागलं ती तारीख, या तिन्ही वेगळ्या असतात. मोठ्या यंत्रांचंही तसंच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला संगणक बघा. त्याचं लहान, चाचणीपुरतं रूप १९५६ पर्यंत चालू लागलं होतं, पूर्ण यंत्र १९६० साली कामाला लागलं आणि पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलं १९६२ साली. अमेरिकेतल्या एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक संगणकाचा वाढदिवस फेब्रुवारी १९४६ चा धरतात, कारण तेव्हा तो जगापुढे आला. पण त्याआधीच, १९४५ च्या डिसेंबरात, त्याच्यावर अण्वस्त्रांसंबंधीचं गणित सुरू झालेलं होतं.

माझा सल्ला: पहिलं काम बाहेर पडलं तो दिवस धरा. पहिली छापील गुणपत्रिका, पिग्मीची पहिली छापील यादी, पुस्तकाची पहिली नोंद. उद्घाटनाची तारीख शोधायला गेलात तर तुम्ही पाहुण्यांपर्यंत पोचता. पहिल्या कामाची तारीख शोधायला गेलात तर ते काम करणाऱ्या माणसांपर्यंत पोचता. शोध खरा तिथून सुरू होतो.

कागद कुठे सापडतील

जडवस्तू नोंदवहीपासून सुरुवात करा. बहुतेक ठिकाणी तिला डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात. लेखा विभागात ती असतेच, कारण लेखापरीक्षणाला लागते. तिच्यातली प्रत्येक ओळ वाचा, फक्त संगणकांच्या नाही. आमच्या नोंदवहीत संगणकांच्या जोडीला वातानुकूलन यंत्र, व्हॅक्यूम क्लीनर, पडद्यापुढे लावायच्या काळ्या काचा, प्लॅस्टिकची आवरणं आणि चपला ठेवायची लोखंडी मांडणी होती. धुळीची किती धास्ती होती आणि यंत्राला किती जपलं जायचं, हे या यादीइतकं स्पष्ट दुसरं काहीच सांगत नाही. विद्यार्थी आत जाताना चपला बाहेर काढायचे, देवळात काढतात तशा.

किंमती उतरवून घ्या आणि शेजारी त्याच वर्षीचा लिपिकाचा पगार लिहा. तो पगारपत्रकात मिळेल. नुसती किंमत आजच्या मुलांना काहीच सांगत नाही. एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर म्हणजे किती महिन्यांचा पगार, हे सांगितलं की मुलं सरसावून बसतात.

मग निर्लेखनाचा रकाना बघा. कुठलं यंत्र कधी मोडीत काढलं, कारण काय दिलं. त्यानंतर व्यवस्थापन समितीची इतिवृत्तं, व्हाउचर फायली, वार्षिक अंक. इतिवृत्तांत विरोधाचे सूर सापडतील आणि ते वगळू नका. ‘एवढ्या पैशात वर्गखोली बांधून होईल’ असं कुणी म्हटलेलं असेल तर ते त्या काळाचं प्रामाणिक मत होतं, फलकावर त्याला जागा द्या.

कुणाशी बोलायचं

यादी करायला बसलो की प्राचार्य, विभागप्रमुख, अध्यक्ष हीच नावं आधी सुचतात. ती असू देत. पण एनिॲकची गोष्ट लक्षात ठेवा. त्या यंत्राची आज्ञावली तयार करण्याचं काम सहा स्त्रिया करत होत्या: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन. फेब्रुवारी १९४६ मध्ये पाहुण्यांपुढे झालेलं प्रात्यक्षिक जेनिंग्ज आणि स्नायडर यांनी रात्री जागून उभं केलं होतं. प्रात्यक्षिकानंतरच्या मेजवानीला त्यांना बोलावणं नव्हतं. पुढे कित्येक दशकं जुन्या छायाचित्रांतल्या या बायका कोण, हेही फारसं कुणी विचारलं नाही. १९८० च्या दशकात कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीनं तो प्रश्न लावून धरला, म्हणून ती नावं आज आपल्याला माहीत आहेत.

म्हणून प्रयोगशाळा सहायक, किल्ली सांभाळणारे शिपाई, वायरिंग केलेले इलेक्ट्रिशियन, डेटा एन्ट्री करणाऱ्या मुली आणि टंकलेखन यंत्रावरून संगणकावर आलेल्या टायपिस्ट बाई, यांना आधी गाठा. यांतले बरेच जण निवृत्त आहेत आणि वयही झालंय. पुढच्या महिन्यात जाऊ असं म्हणू नका.

बोलताना मोठे प्रश्न विचारू नका. ‘संगणकानं तुमचं आयुष्य कसं बदललं?’ असं विचारलं की माणूस भाषण देतो. त्यापेक्षा असं विचारा:

– पहिल्या दिवशी पडद्यावर काय टाइप केलंत?
– दिवे गेले की काय करायचात? यूपीएस किती वेळ टिकायचा?
– यंत्राला हात लावायची परवानगी कुणाला नव्हती?
– हातानं लिहायची वही कधी बंद झाली? ती बंद करायचं कुणी ठरवलं?
– काय चुकलं की रात्रभर बसावं लागायचं?

चौथा प्रश्न विसरू नका. पतसंस्थेत आणि बँकांत कितीतरी वर्षं दोन्ही चालत होतं, खातेवहीही आणि संगणकही, आणि दोन्हींचा ताळा जुळेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. बँकांच्या संगणकीकरणासाठी रिझर्व्ह बँकेच्या सी. रंगराजन यांच्या समितीनं १९८४ साली अहवाल दिला आणि शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची, म्हणजे खातेवहीतल्या नोंदी करणारी, यंत्रं यायला लागली. तेव्हा कर्मचारी संघटनांना नोकऱ्यांची भीती वाटत होती. त्या वेळच्या कर्मचाऱ्याला विचारा की भीती नेमकी कशाची होती, आणि त्यातलं काय खरं झालं. हा धागा कार्यक्रमाच्या दिवशी, दुपारनंतरच्या सत्रात पुन्हा हाती घ्यायचा आहे, कारण आज भीतीचं नाव बदललंय, प्रश्न तोच आहे.

टायपिस्ट बाईंना कळफलकाबद्दल विचारा. मराठी टंकलेखनाच्या शासकीय परीक्षेत मिनिटाला तीस किंवा चाळीस शब्दांचा वेग काढलेल्या बोटांना टंकयंत्राची मांडणी पाठ होती. १९८६ साली संगणकासाठी इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी प्रमाण ठरली, ती अगदी वेगळी: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. मुरलेल्या हातांनी ही दुसरी मांडणी शिकायची म्हणजे काय मेहनत, हे त्यांच्या तोंडून ऐकावं.

ध्वनिमुद्रण फोनवर करा. खोली शांत असू दे, पंखा शक्यतो बंद. सुरुवातीला तारीख, नाव आणि ‘हे जतन करायला माझी हरकत नाही’ हे वाक्य त्यांच्याच आवाजात घ्या. कागदावर सहीही घ्या.

जुनं यंत्र सापडलं तर

माळ्यावर, जिन्याखाली, प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत जुना संगणक सापडला की पहिली इच्छा होते ती वायर लावून चालू करायची. तेवढं करू नका. आधी फोटो काढा, मग आवरण उघडा. १९९५ च्या आसपासच्या आणि त्याआधीच्या कित्येक मदरबोर्डांवर नळीसारखी, बहुधा निळ्या किंवा हिरव्या वेष्टनातली निकेल-कॅडमियमची बॅटरी असते. ती वर्षानुवर्षांत गळते आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. भोवती हिरवट-पांढरी बुरशीसारखी साय दिसली तर हातमोजे घालून, जाणत्याच्या हातून ती काढून घ्या.

हार्ड डिस्क असेल तर यंत्र चालू करण्याआधी ती बाहेर काढा आणि अडॅप्टर लावून दुसऱ्या संगणकावर तिची हुबेहूब प्रत घ्या. ती एकदाच फिरणार असेल तर ते फिरणं प्रत घेण्यासाठी खर्च व्हावं. पॉवर सप्लाय इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय वीज देऊ नका. जुन्या काचेच्या मॉनिटरची मागची बाजू तर उघडूच नका. वायर काढल्यावरही आत जिवावर बेतणारा विद्युतभार शिल्लक असतो.

प्रदर्शनासाठी यंत्र चालू असायला हवं असं मुळीच नाही. उघडून ठेवलेलं, भागांवर चिठ्ठ्या लावलेलं बंद यंत्र मुलं जास्त वेळ बघतात.

फ्लॉपीत काय आहे

कोकणात फ्लॉपीचा वैरी म्हणजे दमट हवा. सव्वापाच इंची फ्लॉपी हातात धरून मधलं वर्तुळ हलकेच फिरवा आणि खिडकीतून चकतीकडे बघा. पांढरे ठिपके दिसले तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका. बुरशी ड्राइव्हच्या डोक्याला, म्हणजे चकती वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. स्वच्छ असलेल्यांवर आधी लेखनबंदी करा. साडेतीन इंचीची छोटी खिट्टी सरकवून भोक उघडं ठेवायचं, सव्वापाच इंचीच्या कडेची खाच चिकटपट्टीनं झाकायची. साडेतीन इंचीसाठी यूएसबीचा ड्राइव्ह बाजारात मिळतो. सव्वापाच इंचीसाठी जुना ड्राइव्ह असलेलं यंत्र लागतं, ते कुणाकडे आहे याची चौकशी आधीपासून करा. सगळं उतरवून घ्या, आणि नंतर प्रतीच उघडा, मूळ नव्हे.

डीबेस या जुन्या प्रणालीत ठेवलेल्या याद्यांच्या फायली आज लिब्रेऑफिस या मोफत प्रणालीत उघडतात. वर्डस्टार या जुन्या लेखनप्रणालीतला मजकूरही थोड्या खटाटोपानं वाचता येतो. इंग्रजीचा प्रश्न फारसा येत नाही. खरी परीक्षा मराठीची आहे, आणि या टिपणातला माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग हाच.

जुनी मराठी वाचती करणं

तुमच्या विभागाचे १९९० ते २०१० च्या काळातले अंक, प्रश्नपत्रिका, अहवाल उघडून बघा. अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसेल. फाइल बिघडलेली नसते. त्या काळी श्री-लिपी, आकृती, डीव्हीबी-टीटी, शिवाजी, किरण अशा फॉन्टांमध्ये अक्षराचा आकार इंग्रजी अक्षराच्या संकेतांकावर, म्हणजे यंत्रातल्या त्याच्या क्रमांकावर, बसवलेला असायचा, आणि प्रत्येक घराण्याची बसवण्याची पद्धत निराळी. यंत्राच्या लेखी तिथे मराठी नव्हतीच, फक्त आकार होते.

त्याच काळात दुसरा मार्गही होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेत वाढलेलं, भारतीय लिप्यांसाठीचं जिस्ट तंत्रज्ञान. त्यात मजकूर उच्चाराच्या क्रमानं साठवला जायचा, आणि त्यासाठीची इस्की ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक ठरली. युनिकोड या आजच्या, जगातल्या लिप्यांसाठीच्या सामायिक संकेतप्रणालीतली देवनागरीची १२८ घरं मुळात इस्कीच्याच मांडणीवर बेतलेली आहेत. म्हणून संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डावर केलेली जुनी माहिती सापडली तर आनंद माना, तिचं रूपांतर बरंच सरळ होतं.

फॉन्टांतल्या मजकुरासाठी असं करा. फाइल उघडून मजकुरावर क्लिक करा. फॉन्ट संगणकात नसला तरी त्याचं नाव वरच्या खिडकीत दिसतं. ते टिपून घ्या आणि नेमक्या त्याच फॉन्टसाठीचं रूपांतरक वापरा. घराणं तेच पण आवृत्ती वेगळी, एवढ्यानंही जोडाक्षरं बिघडतात. अख्खा अंक टाकण्याआधी चाचणीसाठी एक उतारा निवडा, ज्यात विद्यार्थी, क्षेत्र, ज्ञान, सृष्टी, गुऱ्हाळ, दुसऱ्या, ऑफिस, ॲडमिशन असे शब्द असतील. ‘विद्यार्थी’मध्ये दोन्ही पेच आहेत: फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये उलट. ‘दुसऱ्या’तला अर्धचंद्री र मराठीची खास खूण, तो बऱ्याच रूपांतरकांना समजत नाही. ‘ॲ’ तर युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवायचे, आणि ती दोन चिन्हं डोळ्याला सारखी दिसली तरी शोधताना सापडत नाहीत. मधेच आलेली इंग्रजी नावं रूपांतरात हमखास मोडतात, ती हातानं नीट करावी लागतात.

मग मुद्रितशोधन. एकानं छापील अंक मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं पडद्यावर डोळे ठेवायचे. आमच्याकडे मराठी विभागातल्या मुली आणि संगणक विभागातली मुलं जोडीनं बसली. दोन विभागांनी मिळून काही करावं असा प्रसंग एरवी क्वचितच येतो.

साठवताना युनिकोडमधला साधा मजकूर आणि मूळ पानांची स्कॅन केलेली पीडीएफ, दोन्ही ठेवा. फाइलच्या नावात वर्ष आधी घाला. तीन प्रती, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत.

एवढा खटाटोप कशासाठी, असं कुणी विचारलं तर त्यांना एवढंच दाखवा: जुनी फाइल उघडून एखादं नाव शोधा, सापडणार नाही. रूपांतर केलेल्या फाइलमध्ये शोधा, लगेच सापडेल. बोललेलं मराठी लिहून काढणारी, भाषांतर करणारी, प्रश्नांना उत्तरं देणारी आजची यंत्रं जो मजकूर वाचून शिकतात तो त्यांना वाचता यावा लागतो. फॉन्टांत अडकलेली दोन दशकांची मराठी त्यांच्यासाठी कोरा कागद आहे. तुमच्या तालुक्याची बोली, गावांची नावं, पिकांची नावं त्या अंकांत आहेत. वर्धापन दिनाला एकच गोष्ट जमणार असेल तर ही करा, बाकी सगळं सोडलं तरी चालेल.

देशाचा पट, मोजक्या नोंदींत

कालरेषेचा फलक हवाच, पण तो भिंतभर नको. प्रत्येक नोंदीशेजारी आपल्या विभागात त्या सुमारास काय होतं ते लिहा, म्हणजे तो आपला होतो. मी या नोंदी घेतल्या: १९५५-५६ च्या सुमारास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत इंग्लंडहून आलेला एचईसी-२एम, देशातला पहिला अंकीय संगणक, १९६० चा टिफ्रॅक, १९६३ मध्ये आयआयटी कानपूरला आलेला आयबीएम कंपनीचा १६२० हा संगणक, १९६८ मध्ये मुंबईत टीसीएसची सुरुवात, १९७८ मध्ये आयबीएमचं भारतातून जाणं, १९९१ चा परम ८००० हा महासंगणक, १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सामान्यांसाठी सुरू केलेलं इंटरनेट, आणि २००१ नंतर गावोगावी पोचलेला एमएस-सीआयटी.

परमची गोष्ट थोडी सविस्तर सांगा. हवामानाच्या अंदाजासाठी महासंगणक हवा होता आणि अमेरिकेकडून हवा त्या ताकदीचा मिळेना. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर तिचे प्रमुख झाले, आणि तीन वर्षांत परम तयार झाला. एकच बलाढ्य प्रोसेसर हाती नव्हता, म्हणून ट्रान्सप्युटर नावाच्या बऱ्याच लहान चिपा जोडून काम त्यांच्यात वाटून दिलं. आजचे महासंगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रंही काम वाटूनच चालतात, हे मुलांना इथेच दाखवून देता येतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत मॉन्सूनचा हिशेब करायला पुढे जी यंत्रं आली, त्यांची नावंही फलकावर येऊ द्या: २०१८ चं प्रत्यूष, २०२४ चं अर्क. कोकणातल्या मुलाला पावसाच्या अंदाजाचं महत्त्व वेगळं समजवावं लागत नाही.

एक गणित मुलांकडून करून घ्या. टिफ्रॅकच्या स्मृतीत २,०४८ शब्द होते, प्रत्येक ४० बिटांचा. गुणाकार केला की ८१,९२० बिट, म्हणजे १०,२४० बाइट. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे त्या अख्ख्या स्मृतीत मराठीची तीन हजार चारशेच्या आसपास चिन्हं बसली असती, हे टिपणसुद्धा मावलं नसतं. आठ जीबी स्मृतीच्या फोनमध्ये अशी आठ लाखांहून जास्त टिफ्रॅक मावतात. हा हिशेब आयता सांगू नका, मुलांना फळ्यावर करू द्या.

उद्याचं कसं लिहायचं

दुपारनंतरचं सत्र भविष्याचं. इथे भाषण ठेवू नका, लिहिण्याचं काम ठेवा. पाच-सहा जणांचे गट करा आणि प्रत्येक गटात वेगवेगळ्या वयाची माणसं असू देत, निवृत्त लिपिक आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शेजारी बसतील अशी. नियम एकच. जे म्हणायचं त्यात तारीख हवी, शक्य तिथे आकडा हवा, आणि ते खरं ठरलं की नाही हे कसं बघायचं ते लिहिलेलं हवं.

आधी दोन नमुने वाचून दाखवा. १९५० मध्ये संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंग यांनी लिहिलं की सुमारे पन्नास वर्षांत अशी यंत्रं होतील की पाच मिनिटांच्या प्रश्नोत्तरांनंतर समोर माणूस आहे की यंत्र हे सर्वसाधारण परीक्षकाला शंभरात सत्तरपेक्षा जास्त वेळा बरोबर सांगता येणार नाही. मुदत, वेळ, टक्केवारी, सगळं दिलेलं. २००० साल उलटलं तेव्हा ते साधलेलं नव्हतं, आजच्या यंत्रांबद्दल मात्र तोच प्रश्न गंभीरपणे विचारावा लागतो. दुसरा नमुना पुढे इंटेल कंपनीचे सहसंस्थापक झालेल्या गॉर्डन मूर यांचा. १९६५ मध्ये त्यांनी म्हटलं की एका चिपेवरचे घटक दर वर्षी दुप्पट होत १९७५ पर्यंत ६५,००० होतील. १९७५ मध्ये त्यांनी स्वतः मागे वळून बघितलं आणि पुढच्या काळासाठी दुपटीचा अवधी दोन वर्षांचा केला. आकडा लिहिलेला होता म्हणून दुरुस्ती करता आली.

‘कृत्रिम बुद्धिमत्ता सगळं बदलून टाकेल’ हे वाक्य कुणी लिहिलं तर परत करा. त्याऐवजी असं लिहून घ्या: ‘पुढच्या वर्धापन दिनापर्यंत आमच्या वाचनालयात मालवणीत बोलून पुस्तक शोधता येईल. तपासणी: बाजारच्या दिवशी आलेल्या दहा वाचकांना बोलायला सांगायचं, सात जणांना पुस्तक मिळालं पाहिजे.’ किंवा: ‘पतसंस्थेत पिग्मी गोळा करायला माणूस दारात येणं बंद होईल. तपासणी: पिग्मी एजंटांची संख्या.’ एका गटात एक निवृत्त रोखपाल होत्या. त्यांनी लिहिलं की एजंट राहतील, कारण म्हाताऱ्या खातेदारांना पैसे देण्याइतकंच दोन शब्द बोलणं हवं असतं. मतभेद असेल तर दोन्ही म्हणणी नावासकट लिहा.

आधीच्या मुलाखतींतली नोकऱ्यांची भीती इथे पुढ्यात आणा. तेव्हा कुठली कामं गेली, कुठली नवी आली, आणि ज्यांची गेली त्यांना कुणी शिकवलं, हे त्या माणसांसमोर विचारा. आज अनुवाद, डेटा एन्ट्री किंवा सुरुवातीच्या पातळीवरचं प्रोग्रामिंग करू पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांबद्दलचं भाकीत त्यानंतरच लिहा. अशा भाकितात संस्थेनं स्वतः काय करायचं तेही आलं पाहिजे.

एक भाकीत आयतं आहे, ते सगळ्यांनी मिळून करा. अनेक यंत्रं वेळ मोजताना १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या जागेत ठेवतात. ती जागा १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरते, आणि पुढच्या क्षणी तसं यंत्र १९०१ साल दाखवू लागतं. बहुतेक नव्या प्रणाल्यांनी जागा वाढवलीय, पण हजेरीचं यंत्र, जुना सर्व्हर, पाण्याच्या टाकीवरचा नियंत्रक यांचं काय? त्यांची यादी करून प्रत्येकापुढे तपासणाऱ्याचं नाव घाला.

नंतरची कामं

जुन्या फायलींत विद्यार्थ्यांचे पत्ते, जाती, गुण, खातेदारांच्या सह्या असतात. प्रदर्शनात त्यांतलं काही ठेवू नका आणि जतनाच्या प्रतीतूनही वैयक्तिक माहितीचा भाग वेगळा काढून कुलपात ठेवा. २०२३ मध्ये वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा झालाय, पण कायदा नसता तरी हे करायलाच हवं होतं.

जी यंत्रं ठेवायची नाहीत ती भंगारवाल्याला देऊ नका. काचेच्या मॉनिटरमध्ये शिसं असतं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यांखाली नोंदणी झालेल्या पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे द्या, पावती घ्या आणि निर्लेखनाच्या रकान्यात तिचा क्रमांक लिहा. आपल्या काळातलं एक चालू यंत्र मात्र आत्ताच बाजूला काढा: आजचा एखादा साधा फोन, चार्जरसकट, बॅटरी निम्मी भरून, कोरड्या डब्यात. पुढच्या वेळी शोधाशोध नको.

मुलाखती, रूपांतरित अंक, कालरेषा आणि भाकितं यांची एक नोंदवही छापून बांधून घ्या. तिची जडवस्तू नोंदवहीत रीतसर नोंद करा, म्हणजे लेखापरीक्षक दर वर्षी ती जागेवर आहे का ते बघतील. विभागप्रमुख बदलले की होणाऱ्या कार्यभाराच्या यादीत दोन ओळी घाला: नोंदवही आणि तिच्या संगणकीय प्रती कुठे आहेत, आणि त्या दर वर्षी उघडून बघायची जबाबदारी कुणाची. त्या ओळींखाली नवीन विभागप्रमुखांची सही घ्या.